सनईची पत्ती आणि तिची डबी



वसंत व्याख्यानमालेत सहसा मोठे विषय येतात. राज्यघटना, संतवाङ्मय, धरणांचे पाणी, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर बोलताना वक्त्याला वेळ पुरत नाही. मी मात्र आज बोटाच्या दोन पेरांहून मोठी नसलेल्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. सनईच्या तोंडाशी जी पत्ती असते ती वस्तू, आणि ती जपून ठेवण्याची व नीट लावून ठेवण्याची रीत, एवढाच माझा विषय. कोणी म्हणेल, सनई ऐकावी, तिच्या पत्त्यांच्या डबीवर व्याख्यान कसले? पण ही डबी ज्या दिवशी रिकामी होईल त्या दिवशी सनई हे वाद्य भिंतीवर टांगण्याची एक शोभेची वस्तू होऊन बसेल. म्हणून हा विषय दिसतो तितका लहान नाही.

सनई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळसर लाकडाची नळी, तिच्यावर ओळीने पाडलेली भोके आणि टोकाची पितळी वाटी येते. पण सूर जन्माला येतो तो या तिन्हींपैकी एकातही नाही. तो येतो वादकाच्या ओठांत दडलेल्या पत्तीत. गवताच्या नळीचे एक टोक चपटे करून त्याचे दोन पातळ ओठ केलेले असतात आणि दुसरे टोक बारीक धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट आवळलेले असते. फुंकर दाबली की हे ओठ मिटतात, पुन्हा उघडतात, पुन्हा मिटतात. ही उघडझाप सेकंदाला शेकडो वेळा होते आणि तिचाच आपल्याला सूर ऐकू येतो. लाकडी नळी आणि भोके त्या सुराची उंची ठरवतात, पितळी वाटी त्याला बाहेर पोचवते. पण पत्ती मुकी झाली तर बाकीचे सारे वैभव मुकेच. शिसवी नळी दोन पिढ्या टिकते, पत्ती मात्र काही दिवस, फार तर काही आठवडे साथ देते. दोन पिढ्यांच्या वाद्याचे सारे भवितव्य काही दिवसांच्या गवतावर अवलंबून असते, ही या वाद्याची मोठी गंमत आहे आणि मोठी काळजीही.

हे गवत येते कुठून? उत्तर हिंदुस्थानी शहनाईसाठी ज्या नरकटाचे नाव सांगतात ते बिहारमध्ये डुमराँवच्या परिसरात, सोन नदीच्या काठी वाढते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म 1916 साली याच डुमराँवचा. ज्या गावच्या गवताने शहनाई बोलते त्याच गावाने शहनाईचा सर्वांत मोठा वादक द्यावा, हा योगायोग लोक कौतुकाने सांगतात. दक्षिणेत नागस्वराच्या पत्तीला ‘शीवाळी’ म्हणतात आणि तिचे गवत कावेरीच्या काठचे. तंजावरकडच्या नरसिंगपेट्टै या गावच्या नागस्वराला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विलायती क्लॅरिनेट, जी आपल्या बँडपथकांतून घराघरांत पोचली, तिची पत्ती बोरूच्या जातीच्या एका उंच गवताची असते आणि फ्रान्सच्या दक्षिणेला वार नावाच्या प्रांतातले हे गवत जगभर नावाजलेले आहे. ताडाच्या पानाच्या घड्या घालून केलेल्या पत्त्याही अनेक ठिकाणच्या लोकवाद्यांना लावतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या बोरूने पाटीपुस्तकाचा अभ्यास केला, त्याच तृणकुळातले हे गवत. त्या कुळातल्या एका भावाने अक्षर गिरवले, दुसऱ्याने सूर धरला, असेच म्हणायचे.

आता पत्तीचे शत्रू कोण ते पाहू, कारण शत्रू कळल्याशिवाय डबीचे महत्त्व कळणार नाही. पहिला शत्रू पाणी. गवताच्या पेशी हवेतला ओलावा शोषतात. ओलावा जास्त झाला की पत्ती फुगते, जड होते, मऊ पडते; सूर बसका निघतो आणि खाली उतरतो. दुसरा शत्रू पाण्याचा अभाव. पत्ती फार वाळली की आक्रसते, तिचे तोंड वेडेवाकडे उघडते किंवा चिकटून मिटते, आणि तिला चीर जाते. म्हणजे पाणी हवे, पण बेताने. तिसरा शत्रू आपल्याच तोंडातला. वाजवून झाल्यावर पत्ती लाळेने भिजलेली असते; ती तशीच बंद डबीत टाकली तर एक-दोन दिवसांत तिच्यावर बुरशीचे ठिपके दिसू लागतात. चौथा शत्रू कीड. गवतातल्या पिठूळ अंशावर ती तुटून पडते. बांबू पावसाळ्यात तोडू नये, थंडीत तोडावा, असे जुनी माणसे सांगत आली. त्याचे कारण हेच की थंडीत त्याच्यातला तो गोड-पिठूळ अंश कमी असतो.

हे सारे शत्रू आपल्या कसाऱ्याला नेमाने भेटतात. घाटाच्या पायथ्याचे हे गाव. ज्येष्ठ संपता संपता जो पाऊस सुरू होतो तो आश्विनापर्यंत मागे सरत नाही. भिंतींना ओल येते, चामड्याच्या वहाणांवर पांढरी बुरशी चढते, आगपेटीतली काडी ओढून पेटत नाही. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी या बाबतीत मोठी शास्त्रज्ञ असते. शुद्ध मिठाला पाणी सुटू लागले की समजावे, हवेतली सापेक्ष आर्द्रता शंभरात पंचाहत्तरच्या वर गेली. पत्तीला मानवते ती निम्म्याच्या आसपासची, फार तर साठापर्यंतची. म्हणजे ज्या दिवशी घरातल्या गृहिणीने मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले, त्या दिवशी वादकाने आपली डबी तपासायला हवी. वेगळे यंत्र विकत घ्यायची गरज नाही.

उलट बाजूही आपल्याच दारात आहे. 1865 साली आगगाडी हा घाट चढली. कसारा ते इगतपुरी सुमारे 300 मीटरचा चढ, तोही सदतीस फुटांना एक फूट असा, म्हणून इथे गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. वैशाखात खाली घामाच्या धारा लागलेल्या असतात. वर इगतपुरी ओलांडून नाशिक-सिन्नरकडे निघावे तो दुपारची हवा ठणठणीत कोरडी. वऱ्हाडाबरोबर निघालेल्या वाजंत्र्याने सकाळी शहापूरच्या मांडवात जी पत्ती सुरात लावलेली असते, ती संध्याकाळी सिन्नरच्या मांडवात त्याच सुरात बोलेल अशी खात्री नसते. तिचे ओठ कोरडे पडलेले, तोंड फाकलेले. माणूस तोच, वाद्य तेच, राग तोच, फक्त हवा बदलली. गाडीला घाटात जादा इंजिन लागते, तसे वाजंत्र्याला घाटात जादा पत्त्या लागतात. एक घाटाखालची, एक घाटावरची, आणि एक अडीअडचणीची.

जुन्या वादकांनी याची सोय फार साधेपणाने केलेली आहे. सनई जवळून पाहिली असेल तर तिच्या गळ्याशी बांधलेला दोऱ्यांचा झुबका आपल्या नजरेस आला असेल. पुष्कळांना तो शोभेचा गोंडा वाटतो. वस्तुतः ती वादकाची शिदोरी आहे. त्या दोऱ्यांना जादा पत्त्या बांधलेल्या असतात आणि एक बारीक सळई. ही सळई पूर्वी हस्तिदंताचीही असे, आता धातूची असते. पत्ती मिटली तर सळईने तिचे तोंड अलगद उघडायचे, फाकली तर बोटांनी दाबायचे. लटकत्या पत्त्यांना चोहोबाजूंनी वारा लागतो, त्यामुळे लाळ सुकते; आणि अंतरा चालू असताना पत्तीने दगा दिला तर दुसरी शोधायला पिशवीत हात घालावा लागत नाही. जवळ असावी, हवेशीर असावी, आणि हाताला चटकन ओळखू यावी. पत्त्या साठवण्याच्या शास्त्राची ही तिन्ही सूत्रे त्या एका झुबक्यात आली. दक्षिणेतल्या नागस्वरालाही असाच झुबका असतो.

पण झुबक्यात मावतात त्या चालू कामाच्या पत्त्या. उरलेल्यांसाठी डबी लागते. ही डबी कशी असावी? लाकडाची किंवा पुठ्ठ्याची उत्तम, कारण ती थोडा ओलावा स्वतः शोषते. पत्र्याची असेल तर झाकणाला दोन-चार भोके पाडावीत. आत पत्त्या एकमेकींवर टाकू नयेत. धारेला धार लागली की पातळ ओठ चिरतो. मऊ लाकडाच्या फळीत खुंट्या ठोकून प्रत्येक खुंटीवर एक पत्ती उभी ठेवावी. पावसाळ्यात तांदूळ कोरडेच भाजून, गार करून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून डबीच्या कोपऱ्यात ठेवावेत आणि आठवड्याने बदलावेत. अलीकडे औषधांच्या बाटलीत ओल शोषणारी जी बारीक पुडी येते तिचाही उपयोग होतो; मात्र फार पुड्या टाकल्या तर पत्ती तडकते, हेही लक्षात ठेवावे. वाजवून झाल्यावर पत्ती स्वच्छ पाण्याने खळबळून, टिपून, सावलीत वाळवून मगच आत ठेवावी. उन्हात ठेवू नये. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: कीड लागते म्हणून डबीत डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. कपड्यांचे ठीक आहे, पण पत्ती तोंडात जाते. कडुलिंबाची वाळलेली पाने पुरेत.

आता ठेवण्याइतकेच महत्त्वाचे, ते म्हणजे लावणे. डबीत वीस पत्त्या आहेत, पण कोणती कोणती हे ठाऊक नाही, तर ती डबी आहे आणि नाही, सारखेच. क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांच्या पत्त्यांवर कारखान्यातूनच आकडा छापून येतो. आकडा लहान तितकी पत्ती मऊ, मोठा तितकी कडक. पुष्कळ वादक तेवढ्यावर थांबत नाहीत. डबीतून काढल्या काढल्या पत्तीच्या बुडाशी तारीख टाकतात, नवी पत्ती पहिल्या दिवशी पाचच मिनिटे वाजवतात, दुसऱ्या दिवशी थोडी जास्त, आणि तीन-चार पत्त्या आळीपाळीने वापरतात. एकच बैल रोज नांगराला जुंपला तर तो बसतो. दोन जोड्या फिरवत्या ठेवल्या तर सारे शेत होते. तसेच हे.

आपल्या सनईवाल्याकडे छापील आकडे नसतात, पण त्याच्या मनात असतात. ही मऊ, पहाटेच्या वादनाची. ही करकरीत, मिरवणुकीत उघड्यावर वाजवायची. ही नुसता सूर धरणाऱ्या साथीदाराची, तिला तासभर एकच स्वर न डगमगता टिकवायचा असतो. ही अजून कच्ची आहे, ही ऐन भरात आहे, ही उतरणीला लागली. कुठे दोऱ्याचा रंग वेगळा, कुठे एक गाठ, कुठे दोन गाठी, एवढ्या खुणेवर हा सारा संसार चालतो. ही नोंदवहीच आहे, फक्त ती कागदावर नाही.

पत्त्यांची डबी ही किती जुनी आणि मानाची वस्तू आहे याचा एक दाखला ग्रीसमध्ये सापडतो. ऑलोस नावाचे ग्रीकांचे जोडनळीचे वाद्य अशाच पत्तीवर वाजे. तिला ते जीभ म्हणत. थिओफ्रास्टस या वनस्पतिशास्त्राच्या आद्य ग्रंथकाराने, म्हणजे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास, कोणत्या तळ्यातले गवत घ्यावे, ते कधी तोडावे आणि हिवाळाभर उघड्यावर ठेवून वसंतात कसे सोलावे, याचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. वादनाची पद्धत बदलली तेव्हा गवत तोडण्याचा महिनाही बदलला, हेही तो नमूद करतो. या जिभा ठेवण्याच्या डबीला ग्रीक भाषेत जो शब्द होता त्याचा सरळ अर्थ ‘जिभांची पेटी’. पुढे तो शब्द कोणत्याही पेटीला लागू लागला. इतका की बायबलच्या नव्या करारात शिष्यांच्या पैशांच्या थैलीसाठी तोच शब्द आला आहे. लोक मूळ विसरले, पेटी राहिली. पण थिओफ्रास्टसने लिहून ठेवले म्हणून आज दोन हजारांहून अधिक वर्षांनी आपल्याला ती रीत ठाऊक आहे. ज्या रीती कोणी लिहिल्या नाहीत त्या वाद्याबरोबरच गेल्या.

दूर कशाला, आपल्या शेजारीच पाहा. कसाऱ्याहून विहीगाव-खोडाळ्यावरून मोखाड्याकडे वर गेले की जव्हार-डहाणूपर्यंत तारपा या वाद्याचा मुलूख लागतो. 2014 साली जिल्हा वेगळा झाला, पण डोंगर एकच आहेत. वाळलेल्या भोपळ्यात दोन नळ्या मेणाने बसवायच्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा करायचा, आणि आत बांबूच्याच चिरलेल्या जिभा. जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांमुळे तारप्याभोवतीचा तो गोल नाच जगाने पाहिला. पण तारप्याची जीभ भोपळ्याच्या पोटात लपलेली, ती चित्रात दिसत नाही. ती कोणत्या बांबूची घ्यावी, किती तासावी, मेण केव्हा बदलावे, हे जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या मोजक्या वादकांच्या हातांना ठाऊक आहे. भाताचे पीक तयार होण्याच्या सुमारास तारपा वाजू लागतो आणि हंगाम सरला की विसावतो. म्हणजे वर्षातला बराच काळ हे वाद्य मुके असते. तेवढ्या काळात ते ओल आणि कीड यांपासून वाचले तरच पुढच्या वर्षीचा नाच. साठवण ही इथे नुसती टापटीप नाही, ती परंपरेचा पूल आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आज मंगल कार्यालयात सनई वाजते, पण पुष्कळदा ती ध्वनिफितीतली किंवा मोबाइलमधली असते. तिची पत्ती कधी ओली होत नाही, घाटावर जाऊन फाकत नाही, आणि तिला जेवायला वाढावे लागत नाही. सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या घडशी, गुरव, होलार घराण्यांनी देवळांच्या नगारखान्यांत आणि लग्नाच्या मांडवांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्या मुलांना त्यातून पोट भरेनासे झाले तर ती मुले दुसरा धंदा धरणार, आणि त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनई मैफलीत नेऊन बसवली, सोलापूर-अक्कलकोटकडच्या सिद्धराम जाधवांनी सुंद्रीसारख्या लहानग्या वाद्याला नाव मिळवून दिले. त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले, जपले गेले, हे आपले भाग्य. पण ध्वनिमुद्रणात सूर राहतो. पत्ती कशी तासली, कुठे ठेवली, कोणती केव्हा काढली, हे राहत नाही. संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात वाद्य ठेवता येते. पण त्याची पत्ती आणि ती करणारा हात नसेल तर ते लाकूड आहे.

म्हणून माझे सांगणे अगदी थोडे आहे आणि ते कोणालाही जमण्यासारखे आहे. आपल्या गावात, नात्यात, देवळात कोणी वाजंत्री असेल तर त्याच्याशेजारी तासभर बसावे आणि त्याची डबी उघडून दाखवायला विनवावे. चार रकान्यांची एक वही करावी: पत्ती कशाची, कधी केली, कशासाठी वापरली, कधी संपली. शाळेतल्या मुलांनी हे केले तर आणखी चांगले. त्यांना वनस्पतिशास्त्र, हवामान आणि संगीत हे तिन्ही विषय एका डबीत सापडतील. गावाच्या वाचनालयाने अशी एक वही जपून ठेवावी. आणि घरात कार्य निघाले तर, निदान मंगलाष्टकांच्या वेळेपुरती तरी, खरी सनई लावावी, तिचे मानधन वेळेवर द्यावे. वाजणाऱ्या सनईलाच पत्ती लागते, आणि लागणारी वस्तूच माणूस जपतो. न लागणारी वस्तू कितीही चांगल्या डबीत ठेवली तरी तिला वाळवी लागतेच.

या मोसमात कुठल्या मांडवात सनईवाला दिसला तर राग संपेपर्यंत थांबा. वाजवून झाल्यावर तो पत्ती काढील, झटकील, पाहील, आणि गळ्यातल्या झुबक्यात पुन्हा अडकवील. त्या एवढ्या हालचालीत शेकडो वर्षांचे शहाणपण आहे. ते त्याच्याबरोबर संपू द्यायचे की नाही, हे आता त्याच्यापेक्षा आपल्यावर अधिक अवलंबून आहे.